कड्यावरचं खोपटं

३ मे, सकाळी ६
एवारिस्तो म्हातारा अखेर निवृत्त झाला. कड्यावरचं टेहळणीचं खोपटं, दुर्बीण, वायरलेस, खुर्ची, सगळं आता माझं. महिनाभर ट्रायल आहे म्हणे. बोटवाला सेराफिम उगाच फॉर्मॅलिटी करतो. याच खोपट्यातून आजोबा व्हेल दिसला की शिकारीच्या होड्यांना इशारा म्हणून बार उडवायचे. नंतर बाबा बसले, मग एवारिस्तो. आता शिकार बंद, टुरिस्ट नुसते बघायला जातात. पण नजर तीच लागते आणि ती आमच्या रक्तात आहे. ही खुर्ची गेली तर बाबांच्या फोटोसमोर उभं राहायची सोय उरणार नाही.
संकल्प : चष्मा वापरायचा नाही. गावात चर्चा होते.

४ मे
साडेआठला फवारा दिसला. नैऋत्येला, तीन मैल. वायरलेसवर बोट सोडायला सांगितली. व्हेल न बुडता सरळ रेषेत बंदराकडे निघालेला. इतका शिस्तीचा व्हेल मी पाहिला नव्हता. पाऊण तासाने सेराफिम वायरलेसवर म्हणाला, बाबा रे, हा झेफेरिनोच्या मच्छीमार होडीचा धूर आहे, आणि तो विचारतोय की माझ्या मागे का लागलात. लोक इंजिनं नीट ठेवत नाहीत.

९ मे
झोपलेला व्हेल! काळा, चकचकीत. सेराफिमला बजावलं, इंजिन बंद कर, झोपमोड होईल. चोवीस टुरिस्ट वीस मिनिटं श्वास रोखून बसले. पाण्याची टाकी निघाली. प्लास्टिकची. पण एवढी शांतता त्या लोकांना आयुष्यात मिळाली नसेल. सेराफिम या बाजूने विचारच करत नाही.

१२ मे
बायको, देओलिंदा, जेवण घेऊन वर आली. मक्याचा पाव, चीज, तळलेली मासळी. दारात शेंगा सोलत बसली. म्हणाली, अहो, ते डावीकडे काय उडतंय? मी म्हटलं, लाट. म्हणाली, लाट पुढे झुकून उडते का? तीन स्पर्म व्हेल; त्यांचाच फवारा असा पुढे झुकतो. मी ताबडतोब कळवलं. सेराफिम म्हणाला, वा फिर्मिनो, उजाडलं म्हणायचं! मी देओलिंदाचं नाव घेतलं नाही. वायरलेसवर कामापुरतंच बोलावं.

१९ मे
ती रोज येते. दुर्बिणीशिवाय बघते. पद्धत चुकीची आहे, तसं सांगितलंही. आठवड्यात अकरा व्हेल. मी फॉर्मात आहे.

२३ मे
देओलिंदा बहिणीकडे, फायाल बेटावर. आज शून्य. समुद्र फारच स्वच्छ आणि सपाट होता. अशा समुद्रात व्हेल लाजतात. सेराफिमने विचारलं, वहिनी कधी परत येणार? त्याच्या बायकोचं काही काम असेल.

३१ मे
सणाचं सूप, म्हणजे गावजेवण. अख्खं गाव लांब टेबलांवर. मी केस विंचरून गेलो होतो, छोटंसं भाषणही पाठ होतं. सेराफिम पेला हातात घेऊन उठला आणि म्हणाला, उद्यापासून खोपट्यात देओलिंदा वहिनी. टाळ्या. पहिली टाळी म्हाताऱ्या एवारिस्तोची. पाठ केलेलं भाषण मी पावाबरोबर गिळलं.
घरी येताना ती म्हणाली, तुम्हाला नको असेल तर मी नाही म्हणते. ‘नको’ अगदी ओठांवर आलं होतं. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण अंधारात तिचे डोळे बघितले आणि म्हटलं, जा.
फोटोसमोर उभा राहिलो. बाबांना सांगितलं, ट्रेनिंग माझंच आहे.

४ जून
बोटीवर रुजू. हुद्दा : मार्गदर्शक. रेनकोट वाटणं हा त्यातला एक छोटा भाग. टुरिस्टांना सांगितलं, आमच्या घराण्याची नजर प्रसिद्ध आहे, मी बोट दाखवतो तिकडे बघा. सगळे बघू लागले. बराच वेळ बघितलं. मग वायरलेसवरून देओलिंदाचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा : अहो, मागे वळा.
दहा हातांवर होता. बोटीपेक्षाही लांबलचक. त्याच्या फवाऱ्याने मी नखशिखांत भिजलो. पंचावन्न वर्षांत व्हेल इतका नीट कधी दिसला नव्हता. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिला होतो.
अर्थात, मी वळणारच होतो.