वीतभर जाळीची तार

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला मला आता जरा थांबावं लागतं. तुमच्यावरचा राग मात्र लगेच सापडतो. काल सवतीच्या नातवानं बंद पडलेला टेपरेकॉर्डर खोलला. मी वाकून बघायला लागले तर म्हणाला, "आजी, तुला यातलं काय कळतंय?" आणि हसला. मी त्याला काय सांगणार होते, की सेलूला निजामाच्या राज्यात माझ्या बापानं आवाज वाढवायची एक पेटी बनवली होती आणि तिच्यातला एकूण एक सांधा मी कथील वितळवून झाळला होता?

मी तेव्हा बावीस वर्षांची. नवऱ्यानं दुसरी केली म्हणून झरीच्या सासरहून तुमच्याकडे परत आलेली. तुम्ही कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. तुमची नजर अधू व्हायला लागली तसं तुम्ही झाळकाम माझ्या हातात दिलंत. चुलीच्या एका अंगाला भाकरी, दुसऱ्या अंगाला निखाऱ्यात झाळणी, असं माझं स्वयंपाकघर. त्या थंडीच्या तोंडावर नांदेडचे एक लाउडस्पीकरवाले तुम्हाला भेटले. मायकातला बारीक आवाज आधी थोडा वाढवून मग त्यांच्या मोठ्या यंत्राला देईल, अशी दोन व्हॉल्व्हची, म्हणजे रेडिओत तापून उजळतात तसल्या काचेच्या नळ्यांची, पेटी त्यांना हवी होती. आवाज साफ निघाला तर पुढच्या सगळ्या पेट्या ते आपल्याकडूनच घरबसल्या जोडून घेणार होते. तुम्ही मला म्हणालात, "तुझ्या हाताला हे काम लागलं ना, तर झरीचं तोंड बघायची गरज न्हाई." बाबा, त्या एका वाक्यावर मी दोन महिने जगले.

पेटीच्या आत तार कोणती घालायची, यावर आपलं वाजलं. तुम्ही रोज कातायचात, खादी घालायचात, त्यापायी पोलिसांच्या अमीनसाहेबाच्या डोळ्यांत खुपत होतात. त्याचा मला अभिमानच होता. पण तुमचं म्हणणं असं की, उघड्या तांब्याच्या तारेवर आपलंच सूत गुंडाळायचं, मेणात बुडवायचं आणि सगळी पेटी त्याच तारेनं जोडायची. बाजारची वेष्टनाची तार नको. मी ऐकलं. चार रात्री सूत गुंडाळलं. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या दोन तारांना पीळ घालून त्या पेटीच्या कडेनं नेल्या. फक्त एका जागी मी अडून बसले. स्टेशनातल्या बाबूंच्या मोडक्या रेडिओतून वीतभर तार मिळाली होती, वरून धातूची जाळी विणलेली.

"बाबा, एवढी एक जाळीची घेऊ द्या. मायकापासून पहिल्या व्हॉल्व्हपर्यंत. तिथं आवाज लय नाजूक असतोय, उघडी तार आजूबाजूची वीज ओढून घेतीय."

"जाळीत काय हाय एवढं? तांबं ते तांबंच. माझं सूत कमी पडायलंय का?"

"सुतानं तार तारेला चिकटत न्हाई, एवढंच. घरघर न्हाई थांबत."

"मला शिकवू नको. झाळणी धरायला तुला मीच शिकवलंय."

तरी मी जाळीची तार लावली, जाळी पेटीच्या पत्र्याला झाळली आणि जिनिंगच्या शेडमध्ये आपण पेटी लावून बघितली. माझा आवाज स्वच्छ आला. मी नुसतं "बाबा" म्हणाले होते. तुम्ही खाली बघत म्हणालात, "बरं, राहू दे."

दत्तजयंतीला देवळात कीर्तन. जिनिंगमधून वीज ओढली आहे, नांदेडवाल्यांनी दोन कर्णे बांधले आहेत, तुम्ही सकाळपासून गल्लीभर सांगत फिरताय, "मी केलीय पेटी, आतबाहेर सगळं आपल्या सुताचं." नांदेडवाले झाकण उघडून बघणार, आणि त्या सगळ्या सुतात ती एक विलायती जाळी दिसणार, हे तुम्हाला सोसलं नाही. मी पाण्याला गेले तेवढ्यात तुम्ही ती काढून सुताची तार लावलीत. संध्याकाळी कीर्तनकारबुवा उभे राहिले आणि कर्ण्यांतून घर्रर्र असा आवाज सुरू झाला. बुवांचे शब्द त्यात बुडून गेले. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. शेवटी बुवांनी मायक बाजूला सारला आणि नुसत्या गळ्यानं सुरुवात केली.

नांदेडवाल्यांनी झाकण काढून विचारलं, "जोडकाम कुणाचं हाय हे?"

"माझ्या लेकीचं," तुम्ही म्हणालात.

जन्मात पहिल्यांदा तुम्ही माझं काम माझ्या नावावर केलंत, आणि तेही नेमकं मी न केलेलं. मी बायकांत बसले होते. उठून बोलायची सोय नव्हती आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. ते गृहस्थ म्हणाले, "असू द्या, बाईमाणसाचा हात," आणि कर्णे सोडवायला लागले. आठवड्यानं तुम्ही मला झरीला नेऊन घातलंत. दारात सवत उभी होती. तुम्ही पाणीसुद्धा न पिता परत फिरलात. राज्य बदललं ते बघायला तुम्ही राहिला नाहीत. मी राहिले, सवतीची पोरं सांभाळत. तिथं कुणी मला झाळणी हातात घेऊ दिली नाही, आणि मी मागितलीही नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून राहिलेलं लिहून टाकते. कीर्तनाच्या दिवशी दुपारी तुम्ही जेवायला बसलात, तेव्हा मी धूळ पुसायला झाकण काढलं होतं. तार बदललेली मला तेव्हाच दिसली. चूल पेटलेली होती, झाळणी तापलेली होती, काढलेली जाळीची तार बाजूलाच पडली होती, तुमचा घास संपायच्या आत काम झालं असतं. मी झाकण परत लावलं आणि तुम्हाला भाकरी वाढली. चार लोकांत तुमची फजिती व्हावी, असं मला फार वाटत होतं.