पलीकडच्या काठाची घंटा

प्रिय धाकट्या,

दोन टोले, मग थोडं थांबून एक. आठवतं? पलीकडच्या काठावरून, पाण्यावरून घरंगळत घरंगळत तुझी घंटा यायची. सकाळच्या धुक्यात तू दिसायचा नाहीस, तुझी केबिन दिसायची नाही, नदीसुद्धा दिसायची नाही. नुसता तो आवाज यायचा आणि मला कळायचं, माझा भाऊ उठलाय, त्याचा चहा झालाय आणि पुलाच्या चाकावर हात ठेवून तो उभा आहे. मग मी माझ्या घंटेवर तसंच उत्तर द्यायचो. उत्तर मिळाल्याशिवाय चाक फिरवायचं नाही, हा आपला नियम. सगळी नोकरी त्या नियमात गेली. आज सकाळी अर्धवट झोपेत तोच आवाज ऐकला आणि धडपडून उठून बसलो. बघतो तर सूनबाई ओट्यावर मिक्सरचं भांडं आपटत होती.

फोनच करणार होतो. पण फोनवर तू काय बोलतोस ते मला पाठ आहे. "बरं आहे. तू कसा आहेस? हं. देतो हिच्याकडे." की लगेच तुझी लेक. मागच्या वेळी तर तिनेच सांगितलं, "काका, बाबा अंगणात आहेत," आणि तिच्या मागे तुझा खोकला मला स्वच्छ ऐकू येत होता. म्हणून पत्र. पत्रातून अंगणात पळता येत नाही.

आपला पूल कापून तराफ्यांवर चढवला त्या दिवशी तू नदीकडे पाठ करून बसलास. म्हणालास, "या शहरात पुन्हा पाय ठेवला तर बापाचं नाव लावणार नाही." मला वाटलं, राग आहे, उतरेल. तू लेकीकडे डोंगरात गेलास तो गेलासच. मी मात्र इथेच राहिलो, वर या उंच इमारतीत राहायला आलो, म्हणून "काय टॉवरवाले" म्हणून चिडवलंस, फितूर म्हणालास. म्हण. पण एकदा ये आणि बघ. या पत्रात मी एवढंच मागणार आहे, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना तुला धाकधूक नको.

अरे, इथून काय दिसतं म्हणून सांगू! आपण काठावर उभे राहून नदीचा एक तुकडा बघायचो आणि त्यालाच नदी म्हणायचो. मला तर ती सरळ रेषेसारखी वाहते असंच वाटायचं. या बाल्कनीतून पहिल्यांदा खाली पाहिलं आणि कठड्याला धरून उभाच राहिलो. नदी सरळ नाहीच मुळी. कुशीवर वळून, पाय पोटाशी घेऊन झोपलेल्या बाईसारखी ती शहराच्या मधे निजलेली आहे. जिच्या उशाशी आपण नोकरी केली ती अशी झोपते, हे मला या वयात कळलं. संध्याकाळी समोरच्या इमारतींत दिवे लागायला लागतात, एक इथे, एक तिथे, मग एकदम ओळीच्या ओळी, जणू कुणी मोठ्या पाटीवर खडूने टिंबं देत सुटलंय. प्रत्येक टिंबामागे कुणीतरी चपला काढतंय, कुणाला तरी हाक मारतंय. मी बघत बसतो आणि माझा चहा गार होतो. आताही गारच आहे. सूनबाई म्हणते केव्हाचा आणून ठेवला होता. असेल.

तुझा न्हावी आठवतो का, पुलाच्या तोंडाशी बसणारा? पूल उघडायला लागला की हातातलं गिऱ्हाईक सोडून बाहेर यायचा, आणि मागोमाग अर्ध्या गालाला साबण लावलेली माणसं. रोज बघायचा आणि रोज म्हणायचा, "जमलं बुवा आजही!" त्याच्या खुर्चीच्या जागी आता जमिनीखाली जाणारा सरकता जिना आहे. मी पहिल्यांदा त्यावर पाय ठेवला तेव्हा दोन्ही हातांनी बाजूचा पट्टा धरला. माणसं उभ्याउभ्या पाताळात जातात, धाकट्या, आणि कुणाला त्याचं काही नाही! एक मुलगी तर जाताजाता केस विंचरत होती. साबणाच्या कारखान्याचा वासही गेला. त्या वासाने आई म्हणायची, "बाई गं, या शहराला रोज कोण आंघोळ घालतं?" आता तिथे काचेची इमारत आहे, तिच्यात ढग दिसतात. मी खाली उभा राहून त्या इमारतीतला एक ढग पार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना पाहिला. रस्त्यावरच्या एका बाईने विचारलं, "आजोबा, बरं वाटतंय ना?" म्हटलं, "बाई, फार बरं वाटतंय."

तुझा खोकला कसा आहे ते मी विचारलं का? कसा आहे?

तर मूळ मुद्दा पुलाचा. तू नातवंडांना सांगत असशील, पण खरी गोष्ट सांगत नसशील, तुझी खोड मला ठाऊक आहे. पुलाची दोन पाती, एक तुझ्या काठाला, एक माझ्या. जहाज आलं की दोन्ही वर उचलायची आणि ते गेलं की खाली आणायची. वर जाताना थोडं पुढेमागे झालं तर चालायचं. खाली येताना मात्र दोन्ही एकदमच टेकायला हवीत, कारण तुझ्या पात्याची जीभ माझ्या पात्याच्या खाचेत बसायची. मधे एवढी रुंद नदी, साखळ्यांचा खडखडाट कान फोडणारा, दोन्ही हात चाकावर. एकमेकांना हाक मारून उपयोग नाही, घड्याळ बघायला मान वळवायची सोय नाही. मुकादमांनी सांगितलं, आकडे मोजा. तू मोजायचास आणि मधेच कुठली तरी होडी बघत बसायचास. मग मला माझी शाळेतली कविता आठवली. मास्तर छडीने टेबलावर ठेका धरून म्हणून घ्यायचे ती.

*गोगलगाय निघाली गावा,
घर घेउनी पाठीवरती*

चाकाच्या एका फेऱ्याला एक ओळ. पूल पूर्ण खाली येईपर्यंत गोगलगाय गाव हिंडून बरोबर मुक्कामाला पोचायची. तू शाळेत फारसा टिकला नाहीस, पण मी घरी घोकायचो ते ऐकून तुझं आधीच पाठ झालेलं होतं. दोन काठांवर दोन भाऊ तोंडातल्या तोंडात तीच कविता म्हणताहेत, एकाला दुसऱ्याचा आवाज ऐकू येत नाही, आणि मधे हत्तीएवढ्या दोन लोखंडी जिभा अलगद एकमेकींत बसताहेत! तेव्हा नोकरी म्हणून केलं. आता आठवलं की अंगावर काटा येतो. हे आपण केलं?

आणि मग तो दिवस, ज्याची गोष्ट तू नक्की उलटी सांगत असशील. तुझं पातं आधी खाली आलं, माझं वर लटकलेलं. जीभ बसेना, पूल अडला. दोन्हीकडे गाड्या, दुधाच्या बरण्या, शाळेची पोरं, आणि तुझ्या बाजूला एक डॉक्टर टोपी आपटून ओरडत होते. मुकादम घामाघूम होऊन तुझ्या केबिनीत चढले, "काय झालं रे?" आणि तू शांतपणे म्हणालास, "माझी गोगलगाय घाबरली नाही, साहेब." मुकादमांचा चेहरा मी पाहिला नाही याची हळहळ मला अजून आहे! कवितेत मधे ते एक कडवं आहे ना, ढगांचा गडगडाट होतो आणि ती भिऊन शंखात शिरते, आणि तेवढा वेळ आपण चाक नुसतं धरून ठेवायचो. तू ते म्हटलंच नव्हतंस. मी संध्याकाळी तुला झाप झाप झापलं. तू म्हणालास, "दादा, मी ते म्हणणार नाही. भिऊन आत बसलेल्याला बाहेर कोण काढणार?" बाबांना नदीने नेलं त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ते कडवं मीही सोडून दिलं. मुक्कामाला थोडी लवकर पोचायची बिचारी, पण दोन्हीकडे एकदम पोचायची. आपण यावर पुन्हा कधीच बोललो नाही, बोललो का?

आता नव्या पुलाचं. रागावू नकोस, पुढे वाच. तो पूलही उघडतो. तिथल्या इंजिनियर मुलीला कुणीतरी सांगितलं की जुन्या चाकावरचा एक म्हातारा समोरच राहतो. ती स्वतः येऊन मला घेऊन गेली. एक खोली, काच, एक बटण. "आजोबा, तुम्हीच दाबा," म्हणाली. मी म्हटलं, "आधी पलीकडून घंटा येऊ दे." ती हसली, "पलीकडे कुणी नाही, आजोबा." मी बटण दाबलं. धाकट्या, आवाज नाही! एवढं मोठं पातं, आपल्या चार पुलांएवढं, उठलं ते पक्ष्याने पंख उचलावा तसं, आणि त्याच्या तारांवरून ऊन वाहत गेलं. माझे ओठ आपोआप हलायला लागले. पूल पुरता उघडून थांबला तेव्हा माझी गोगलगाय अजून उंबऱ्यातच होती! मला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. आपलं काही गेलं असं वाटलं नाही मला. आपण जे दोन जीव लावून करत होतो तेच हे शहर आता झोपेतसुद्धा करतं, असं वाटलं. लहान भाऊ एक दिवस आपल्यापेक्षा उंच झालेला दिसावा तसं.

तिने विचारलं, "पण मधे नेमके कसे जुळायचे तुम्ही?" मी म्हटलं, "कविता म्हणून." आधी तिला थट्टा वाटली. मग म्हणाली, "म्हणून दाखवा ना." मी त्या काचेच्या खोलीत उभा राहून खणखणीत म्हटली. शेवटाशी आलो आणि थांबलो. तिला वाटलं, गळा दाटून आला. मी तिला तसं वाटू दिलं. निघताना तिने विचारलं, "दुसऱ्या चाकावरचे आजोबा कुठे असतात?" मी तुझा पत्ता दिला. म्हटलं, "लिहून बघा, पण उत्तर यायचं नाही. आमचा धाकटा हट्टी आहे."

आता खरं सांगतो. माझा गळा दाटला नव्हता. मला शेवटचं कडवं आठवेना. नंतर घरी येऊन बसलो, झोपताना, उठताना, अंघोळ करताना म्हणून बघितली. गोगलगाय मुक्कामाच्या जवळ येते आणि पुढे कोरं. मुलाने फोनवर शोधलं. चंद्रावरचे खड्डे दाखवणाऱ्या त्या फोनला आपली कविता माहीत नाही. गंमत बघ, आपण इतकी वर्षं जे कडवं तोंडात आणलं नाही, ते भिऊन शंखात शिरण्याचं, ते मला लख्ख आठवतं. घरी पोचण्याचं तेवढं गेलं. मागच्या आठवड्यात खाली दूध आणायला गेलो आणि आपली इमारत कोणती ते कळेना. सगळ्यांना गंमत म्हणून सांगितलं, "सारख्याच तर आहेत मेल्या!" वॉचमनने हात धरून वर आणून सोडलं. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढलाय. आठवण हळूहळू जाईल म्हणतात, आधी जवळचं, मग लांबचं. मला शहराची भीती नाही, ते रोज नवं दिसतं, मला तर रोज नवल. पण मी तुला विसरायच्या आत तू यायला हवास. ते कडवं आता जगात एकट्या तुझ्याकडे आहे. लिहून पाठवू नकोस, घेऊन ये. तू तुझ्या काठाने नव्या पुलावर चढ, मी माझ्या काठाने चढतो. पावलाला एक ओळ. आणि या वेळी मधलं कडवंही म्हणू, दोघं आहोत, कोण कुणाला आत बसू देणार आहे? जिथे मला पुढचं आठवणार नाही तिथे तू समोर दिसशील.

तुझाच,
दादा

पाकिटावर पत्ता घालायला घेतला आणि दाराची बेल वाजली. सगळे कामावर गेलेत. पोस्टमन एकदाच दाबतो, नातू बोट काढतच नाही. ही दोनदा वाजली. मग थोडं थांबून एकदा. आता दाराबाहेर कुणीतरी खोकतंय. मी अजून उठलेलो नाही, लिहितोच आहे. आधी उत्तर द्यायला हवं, नियम आहे. इथे घंटा कुठली, पण गार चहाचा पेला आहे आणि चमचा आहे. दोन टोले दिले. आता थोडं थांबून एक देतो, आणि दार उघडतो.