उतारावर बोंबलणारी गाडी

माय, अप्पांनी ते बटण दाबायचं सोडलंय. हे सगळ्यात आधी तुलाच सांगायचं होतं, म्हणून दुकानात बसल्या बसल्या लिहायला घेतलं. कुठलं बटण, काय बटण, तुला कळणार न्हाई. तू गेलीस तेव्हा आपल्या दारात तो जुना टेम्पो होता आणि त्याला बटणं म्हणजे एक हॉर्नचं आणि एक दिव्याचं, त्यातलं दिव्याचं चालायचं न्हाई. तर नीट बस, सावकाश सांगते. आज गिऱ्हाईक कमी आहे. अप्पा जेवून आतल्या खोलीत घोरायलेत, त्यांना उठायला अजून वेळ आहे.

दुकान म्हणजे फरशीचं. अप्पांनी जन्मभर शहाबादहून फरशी भरून आणली, बसवकल्याण, उमरगा, पार लातूरपर्यंत लोकांच्या दारात उतरवली, आणि आता त्यांची लेक तीच फरशी विकते. चांगलं चाललंय. पण अप्पांचा डावा गुडघा गेला. क्लच दाबला की तोंडातून शिव्या निघायच्या, त्याही कानडी, मराठी आणि दखनी अशा तिन्ही भाषांत. शेवटी गाडी सोडली आणि ओट्यावर बसले. माय, तो माणूस ओट्यावर बसलेला तू बघितला न्हाईस हे बरं झालं. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गाडीचा आवाज ऐकून ‘ह्याचा पाटा गेलाय’, ‘ह्याला ऑइल पाहिजे’ असं भिंतीला सांगत बसायचे. जेवण कमी झालं. दाढी वाढली. मला बघवेना. मग मी एक जुनी पिकअप घेतली, क्लच नसलेली. गिअर तीच बदलते, आपण नुसतं ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. डाव्या पायाला कामच न्हाई. अप्पांनी पहिल्या दिवशी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, टायरला लाथ घातली आणि म्हणाले, “ही काय गाडी हाय व्हय? ही तर पाळणा हाय.” पण दुसऱ्या दिवशी सकाळीच दाढी करून तयार.

आता त्या गाडीची एक खोड सांगते. तिला उतार कळतो. उतारावर आपण ब्रेकवर पाय ठेवला की ती आपल्या मनानं खालचा गिअर घेते, इंजिन मोठ्यानं बोंबलतं आणि गाडी आवरून धरली जाते. सगळा भार चाकांच्या ब्रेकवर पडू नये, ब्रेक तापू नयेत, म्हणून ती सोय. अप्पांनी पहिल्यांदा तो आवाज ऐकला आणि गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. “हिच्या पोटात काय तरी तुटलंय.” काही तुटलं नव्हतं. मन्नाएखेळ्ळीला चहाच्या टपरीवर दुसरे पिकअपवाले बसलेले असतात, त्यांनी ज्ञान दिलं, “काका, ते बटण दाबून धरा, गाडी गप बसती. आम्ही समद्यांनी बंदच करून ठेवलंय. कामून इंजिन मारायचं फुकट?” झालं! अप्पांना तेवढंच पाहिजे होतं. गाडी चालू केली की ती सोय पुन्हा चालू होते, म्हणून रोज सकाळी चावी फिरवायची, स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावायचा आणि लगेच ते बटण दाबून धरायचं. पूजेसारखं. आणि वरून उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची. व्हय, अजून तेच, आणि तेही आपल्या कमलापूरच्या उतारावर.

तुला तो उतार आठवत असणारच. शाळेला सुट्टी असली की आपण दोघी त्यांच्यासोबत शहाबादला जायचो. येताना मागं फरशी उभी रचलेली, मधी पेंढा कोंबलेला, पुढं कॅबिनमध्ये मी तुम्हा दोघांच्या मधी. उतार लागतो. अप्पा गिअर काढून टाकतात आणि मग चावीच फिरवतात. इंजिन बंद. शहाबादपासून कानात भरलेली घरघर एकदम जाते. वारा ऐकू येतो, टायर ऐकू येतात, मागं फरशीला फरशी घासलेली ऐकू येते. अप्पा खिडकीत कोपर ठेवून तुझ्याकडं बघतात आणि मिशीत हसतात. तू पदराचं टोक दातात धरून सरळ समोर बघायलीस. तुझा उजवा हात माझ्या हातावर आहे, आणि तो तू इतका आवळायलीस की तुझ्या काचेच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतायल्यात. गाडी पळत सुटलेली आणि तू एक शब्द बोलत न्हाईस. खाली पोचलो, इंजिन पुन्हा चालू झालं की तुझा हात सैल होतो. हुमनाबाद येईपर्यंत माझ्या मनगटावर वळ असायचे. त्या काळी सगळेच ड्रायव्हर तसं करायचे, डिझेल वाचतं म्हणायचे. वाचतही असेल थोडं.

एकदा मी तुला चुलीपाशी गाठलं. तू भाकरी थापायलीस, मी पिठात बोटानं रेघा ओढायलेय. मी म्हटलं, “माय, तू अप्पाला सांग की, तुला भ्या वाटतंय म्हणून.” तुझे हात थांबले. “कुणी सांगितलं मला भ्या वाटतंय?” “माझा हात दुखतोय की.” तू आधी माझ्या मनगटाकडं बघितलंस, मग दाराकडं, आणि आवाज खाली आणलास. “हे बघ, गाडी चालवणाऱ्याच्या मनात भ्या घालू नये. एकदा घातलं की स्टेअरिंगवर हात कापतो. ड्रायव्हरच्या घरात ब्रेक, अपघात, सावकाश जा, ह्यातलं काय बी तोंडातून काढायचं न्हाई. जाऊन या म्हणायचं, बास.” आणि तापलेलं उलथणं माझ्या नाकापुढं नाचवलंस, “त्यांच्यापुढं एक शब्द काढलास तर बघ!” आपल्या गल्लीत सगळ्याच ड्रायव्हरांच्या बायका तशा होत्या. गाडी निघाली की दारात उभ्या राहून हसायच्या आणि ती वळणाआड गेली की देवापुढं बसायच्या. तू गेलीस ती काविळीनं, बिदरच्या दवाखान्यात. ब्रेकचा त्यात काही संबंध न्हाई. पण तुझा हुकूम घरात राहिला, आणि तोंडाळ व्यापारी बाई म्हणून गावभर नाव असलेली मी, तो हुकूम पाळत आले.

म्हणजे भांडले मी, भांडले न्हाई असं न्हाई. पण नको त्या गोष्टींवरून. गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडून वाचून दाखवलं. “हे पुस्तक लिवणारा कधी फरशी घेऊन कमलापूर उतरलाय का?” म्हणाले. गिअरबॉक्स खराब होतो म्हटलं, तर म्हणाले, “झाला तर मी करून घेतो.” पिकअपवाल्यांची अक्कल काढली, तर दोन दिवस बोलले न्हाईत. मी सगळं बोलले, पण मला भ्या वाटतंय एवढं एक वाक्य तोंडातून फुटेना. ते शहाबादला गेले की माझं दुकानात लक्ष लागायचं न्हाई. गिऱ्हाईक पॉलिश फरशी मागायचं, मी खरबरी काढून द्यायची. फोन लावावा तर गाडी चालवताना फोन नको. मीच ती गाडी आणलेली, मीच त्यांना ओट्यावरून उठवलेलं. काही झालं असतं तर मी कुणाला तोंड दाखवणार होते, सांग?

तर परवा. मला खाणीवर जाऊन माल बघायचा होता, म्हणून मीही सोबत गेले. येताना अप्पांनी दोन फरश्या जास्तच चढवल्या, नेहमीप्रमाणे. ऊन कडक. उतार लागला. अप्पांनी दांडा न्यूट्रलला टाकला, कोपर खिडकीत ठेवलं. गाडी सुटली. पहिल्या वळणाला ब्रेक, दुसऱ्याला ब्रेक. मग मला वास आला. जळका, रबरासारखा. मी अप्पांकडं बघितलं तर कोपर खिडकीतून आत आलेलं, दोन्ही हात स्टेअरिंगवर, आणि उजवा पाय ब्रेक दाबतोय, सोडतोय, पुन्हा दाबतोय. पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला जोडलेल्या दोन ट्रॉल्या, मुंगीच्या चालीनं. समोरून ट्रक येतोय, बाजूनं निघायला वाट न्हाई. माय, मला तू दिसलीस. पदर दातात धरलेली. आणि मी तुझा हुकूम मोडला. ओरडलेच मी, “अप्पा, मला भ्या वाटायलंय! लई भ्या वाटायलंय! गिअरात घ्या!”

त्यांचा हात कापला न्हाई, माय. तू म्हणायचीस तसं काही झालं न्हाई. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि लगेच दांडा मागं ओढला. मी हात घालून ते बटण दाबून धरलं, सोय पुन्हा चालू झाल्याचा दिवा लागला, आणि गाडी अशी बोंबलली म्हणतेस! खालचा गिअर, अजून खालचा गिअर, मी पुढं डॅशबोर्डवर जाऊन आदळले, मागं फरश्या करकरल्या. वेग उतरला. ट्रॅक्टरच्या मागं, उसाचं पाचट काचेला लागेल इतक्या जवळ, आम्ही निमूट चालायला लागलो. ट्रॉलीवर बसलेल्या माणसानं आम्हाला हात केला. आम्ही दोघांनीही त्याला हात केला, शहाण्यासारखा.

खाली सपाटीला अप्पांनी गाडी बाजूला घेतली. पुढच्या चाकांतून धूर यायला लागलेला. आम्ही बाभळीखाली बसलो. मी रडत होते की हसत होते मलाच कळत नव्हतं, पण बरं वाटत होतं. अप्पांनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. “इतकं भ्या वाटत होतं तर आधी कामून सांगितलं न्हाईस?” मी बाटलीचं झाकण फिरवायला लागले. मग तेच बोलायला लागले, चाकाकडं बघत. “तुझी माय कधी भ्याली न्हाई. तिला लई आवडायचं ते. तुला म्हाईत न्हाई, तू लहान होतीस. लगीन होऊन आली तवा म्हणाली होती, तुमच्या गाडीच्या आवाजानं डोकं उठतंय. मग मी त्या उतारावर चावी बंद करायलो. तेवढीच तिच्या कानाला शांतता. डिझेलचं आपलं लोकांना सांगायला. कशी गप बसायची बघ, एक शब्द बोलायची न्हाई. मला वाटायचं, हिला आता बोलायला लावूच नये.”

ऐकलंस? इतकी वर्षं तो माणूस तुला उतारावर शांतता देत होता, आणि तू त्यांच्या मनात भ्या शिरू नये म्हणून माझा हात मोडत होतीस. मी पाणी प्यायले. बाटली संपेपर्यंत प्यायले, म्हणजे तोंड रिकामं राहायला नको.

मिस्त्रीनं काल ब्रेक उघडून बघितले, नवीन लाइनर टाकले. आज सकाळी अप्पा दुकानाचा माल घेऊन भालकीला जाऊन आले, मी मुद्दाम सोबत गेले. चावी फिरवली, स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावला आणि बटणाकडं हातसुद्धा नेला न्हाई. “बोंबलू दे,” म्हणाले, “तुला त्यात बरं वाटतंय ना, मग बोंबलू दे.” वाटेत छोटासा उतार लागला, गाडीनं गिअर खाली घेतला आणि आवाज सुरू केला. मी सीटला पाठ टेकून बसले. लहानपणापासून आजपर्यंत गाडीत मी कधी पाठ टेकून बसले असेन असं मला आठवत न्हाई. तेवढ्यात अप्पांनी विचारलं, “तिला आवडायचं ते, व्हय का न्हाई गं? तू मधी बसायचीस. तुला तर दिसत असेल.” त्या बोंबलण्यात हळू बोलून चालत न्हाई. मला घसा ताणून सांगावं लागलं, “व्हय अप्पा! लई आवडायचं!”

हे कागद मी कुठं ठेवणार न्हाई, दुकानात तर ठेवणारच न्हाई, अप्पा चष्मा लावून सगळं वाचतात. फाडून टाकीन. तुला तेवढं कळवायचं होतं, की मी खोटं बोलले, आणि ते ऐकून अप्पा पार घर येईपर्यंत मिशीत हसत होते.