नववं बटण

६ मार्च

मालकीणबाईंना संस्थेच्या वेबसाइटवर, यादीच्या पानावर नववं बटण हवंय — रात्रपाळी. आमची संस्था घरोघरी सेविका पुरवते. लोक कामाचं बटण दाबतात, त्या कामाच्या बायकांची कार्डं तेवढी उरतात. आठ बटणं, प्रत्येकामागे प्रोग्रॅमचा एक तुकडा, म्हणजे आठ फंक्शनं, सगळी मीच लिहिलेली. लिहिलेली कसली, एकाच्या सात नकला! जावास्क्रिप्टचं पुस्तक चाळिशीनंतर हातात घेतलं मी. चाललंय तर हात लावू नये, असं वागत आलो.

जाता जाता बाई म्हणाल्या, "तुमच्या ताईंना वर्षभर एकही बोलावणं नाही. महिनाअखेरीस यादीतून नाव काढू. मनाला लावून घेऊ नका."

७ मार्च

ताईला सांगितलं. भांडी पुसता पुसता म्हणाली, "काढू देत. साठीच्या बाईला कोण बोलावतंय? गावी जाते." माळ्यावरची ट्रंक काढायला लावली.

वृद्धसेवा ती कधीपासून करते. गेल्या वर्षी तिच्याकडच्या आजी वारल्या, तेव्हा मीच हट्टानं बाळंतिणींच्या सेवेचा कोर्स करायला लावला. म्हटलं, दोन कामं, दुप्पट बोलावणी. कसलं काय.

९ मार्च

नवव्या बटणासाठी आणखी एक नक्कल करायला बसलो आणि हात थांबला. गुरुजी चुकलेली ओळ पन्नासदा लिहायला लावत. इथे शिक्षा नसताना लिहितोय! देवाचं नाव घेतलं, आठही पुसली. आता फंक्शन एकच. बटण आपलं नाव सांगतं, फंक्शन प्रत्येक कार्डाला विचारतं — हे नाव तुझ्यावर आहे? असेल तर थांब, नसेल तर लप. तीनशे ओळींच्या बारा. डोक्यावरचा भारा उतरला.

वृद्धसेवा दाबलं. ताई दिसली. बाळंतपण दाबलं. पुन्हा ताई. जुनं पान उघडून तेच केलं — कुठेच नाही.

जुनी फंक्शनं आपल्या कामाची कार्डं आधी दाखवायची, मग बाकी सात कामांची एकेक करून लपवायची. दोन कामं नावावर असलेली सगळ्या संस्थेत एकटी ताई. एका कामानं दिसायची, दुसऱ्यानं लगेच लपायची. वर्षभर.

१० मार्च

बाईंना सगळं सांगितलं. नाव राहिलं. देवापुढेही कबूल केलं. ताईपुढे जीभ रेटेना.

१४ मार्च

ताईला दोन बोलावणी! मग सांगून टाकलं.

"म्हणजे चूक तुझी?"

"माझीच."

"बरं झालं रे बाबा. मला वाटायचं, त्या आजी माझ्या हातून गेल्या, म्हणून लोक बोलवत नाहीत."