तळमजल्याची गार चिठ्ठी

ता. ४

ती. आत्या हिस,
शि. सा. न. वि. वि. (एवढंच पाठ आहे, पुढचं गोड मानून घे.)

आठ कुटुंबांनी मिळून बांधलेली आपली नवी इमारत उभी राहिली एकदाची! जुनीच्याच जागी, पण लिफ्ट नाही. तळमजल्यावर एकच घर, अंगणाकडे खिडकी असलेलं. ते सगळ्यांनाच हवंय. म्हणून येत्या रविवारी आठ नावांच्या चिठ्ठ्या टाकणार. पहिलं नाव तळमजल्याला, शेवटचं तिसऱ्या मजल्यावर. काढणार मी, कारण मी सगळ्यांत लहान, म्हणजे निष्पाप. हसू नकोस!

तू गुडघ्याची काळजी सोड. तुझी चिठ्ठी आधीच आमच्या फ्रीजरमध्ये बसलीय. डब्यात हात घातला की गार लागेल ती तुझी. मग तुझं शिलाई मशीन परत खिडकीशी. त्याच्या घरघरीशिवाय मला दुपारी झोपच यायची नाही, आठवतं?

तुझीच,
उचापती

ता. ८

चि. उचापतीस,
अ. आ.

आधी ती चिठ्ठी बाहेर काढ, कार्टे! लपंडावात बोटांच्या फटीतून बघायचीस ते चाललं. तेव्हा फक्त राज्य यायचं, आता कुणाचं तरी घर जाईल. आपल्या आठांतल्या त्या कंपाउंडरच्या आईला तर धाप लागते.

जुन्या इमारतीतही चिठ्ठ्याच निघाल्या होत्या. तळमजला तुझ्या बाबाला, वरचा मला. मी मशीन घेऊन जिन्यात बसले, तर म्हणतो, माझं घर घे, मला वारा आवडतो. खोटारडा! उंचावर चक्कर येते त्याला.

तिसरा मजला आला तर चढेन. दर वळणावर थांबून चौकशा करीन, संध्याकाळपर्यंत पोचेन.

लोभ ठेव, लबाडी नको.
आत्या

ता. १५

ती. आत्या हिस,
सा. न.

सगळ्यांसमोर कबूल केलं. सगळे पोट धरून हसले आणि डबा काढून घेतला. मग कंपाउंडरने डोळ्यांना टॉवेल बांधून चिठ्ठ्या काढल्या. पहिलं नाव आमचं. त्याच्या आईला पहिला मजला. तुझं नाव शेवटी.

दोन्ही घरं राजी असतील तर आठवड्यात अदलाबदल चालते, असा नियम आहे. बाबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मीच ओरडले, मला वारा आवडतो! बाबा कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. आई म्हणाली, वर कपडे लवकर वाळतील.

सोबत कागद आहे, त्यावर सही कर. नाही म्हणालीस तर मशीन मी तिसऱ्या मजल्याकडे न्यायला घेईन आणि अर्ध्या जिन्यात सोडून देईन.

वाऱ्याचं खोटंच आहे गं. पण एवढी लबाडी चालेल ना?

लोभ आहेच. तो वाढवायला आता तुला जिना चढायला नको.
उचापती