तपासणार कोण?

साकोली, मंगळवार, संध्याकाळ

लेक चारू जर्मनीत विद्यापीठाच्या सुधारणा समितीवर विद्यार्थ्यांची प्रतिनिधी आहे. कॉलेजात न जाता कामातून शिकलेल्यांचं ज्ञान पदवीसाठी धरावं, असा प्रस्ताव ती उद्या मांडणार. आज फोनवर वाचून दाखवला.

मी लगेच विचारलं, "तपासणार कोण? ज्यानं पंपाची मोटार कधी उघडून पाह्यली नाही, तो?"

शाबास म्हणायचं सोडून हे काहून विचारलं मी? पण प्रश्न बरोबरच होता. मी जळक्या मोटारी उघडून वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारा नव्यानं गुंडाळायचं काम, शिकलो. माझं काम कोणीही ऐऱ्यागैऱ्यानं तपासावं?

मग पोरगी म्हणाली, "बाबा, उद्या मलेही हेच विचारतीन. काय सांगू?"

असं काम कोणी अन् कसं तपासावं ते बराच वेळ सांगत राहिलो, तिनं लिहून घेतलं. शाबास तेव्हाही सुचलं नाही.

ठेवताना हसली. "बरं सर, ठेवते."

सर मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.