पट्टा आणि पत्ता

१२ ऑक्टोबर, रविवार
इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘श्वान नियंत्रण समिती’ स्थापन झाली. अध्यक्ष मी. एकमताने. सदस्य व्हायला कोणी तयार झालं नाही, त्यामुळे समितीत मतभेद होण्याचा प्रश्नच मिटला. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं धरणाचं पाणी सोडायचे आदेश टाइप केले. त्यापुढे एक कुत्रं म्हणजे काय. दिवाळीच्या आत विषय संपवायचा.
घरी सांगितलं. मोहिनी म्हणाली, भीक नको पण अध्यक्ष आवर. बायकोला नवऱ्याचं कौतुक कधी नसतंच.
नोंद: मी कुत्र्यांना भीत नाही. सकाळी दूध आणायला पलीकडच्या फुटपाथने जातो, ते तिकडे ऊन असतं म्हणून.

१३ ऑक्टोबर, सोमवार
परिस्थितीची पाहणी केली. गॅलरीतून.
कुत्रा एकच. तपकिरी, डावा कान पडलेला, मुक्काम गेटपाशी. आई त्याला वाघ्या म्हणते. रोज आठ वाजता ती भाकरी घेऊन, कठडा धरून बावीस पायऱ्या उतरते, वॉचमन यादवच्या खुर्चीत बसते आणि अर्धा तास कुत्र्याशी बोलते. बाबा गेल्यापासून आमच्याशी दिवसाला चार वाक्यं बोलते, त्यातलं एक ‘मीठ कमी हाय’. कुत्र्याशी एवढं काय बोलतेस, असं विचारलं तर म्हणाली, त्याला कळतं.
डॉक्टरांनी आईला रोज चालायला सांगितलंय. त्यासाठी कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायचं टाइमटेबल करून द्यायला हवं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
नियमावली तयार. बोर्डावर लावली. लॅमिनेशन करून.
सार्वजनिक जागेत कुत्रा पट्ट्याशिवाय फिरणार नाही. पट्ट्याचं दुसरं टोक मालकाच्या हातात असलं पाहिजे. गेटवरच्या रजिस्टरमध्ये मालकाने नाव लिहून सही करावी. कलम चार मला स्वतःला फार आवडलं: ‘मालक नसलेल्या कुत्र्याने आवारात येऊ नये.’ कलम पाच, खाऊ घालायचं ते नेमून दिलेल्या जागीच, म्हणजे पाण्याच्या टाकीमागे, डीपीच्या पलीकडे.
संध्याकाळी पाहिलं तर कलम चारखाली पेनाने लिहिलेलं: ‘त्याला वाचून दाखवलं का?’ अक्षर दुसऱ्या मजल्यावरच्या तेजस्विनीचं असणार. लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे कायद्याबद्दल आदर नाही. मोहिनी म्हणते, तिचं नसेल. मोहिनीचं अक्षर मी ओळखत नाही असा मोहिनीचा समज आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार
टाकीमागे जायला दगडगोटे आहेत. आईचे गुडघे तिथवर जात नाहीत. तिने आज गॅलरीतून भाकरी टाकली. कुत्र्याने वरच्यावर झेलली. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या.
कलम सहा वाढवलं: वरून काही टाकू नये.

२७ ऑक्टोबर, सोमवार
दिवाळी संपली. विषय संपला नाही. फटाक्यांमुळे कामाला खीळ बसली, नाहीतर झालंच होतं.
आज प्रत्यक्ष कारवाई केली. काठी घेऊन गेटवर गेलो आणि ‘हाड’ म्हणालो. कुत्रा उठला. अंग झटकलं. माझ्याकडे दोन पावलं आला. त्याच क्षणी मला मीटर रूमचं कुलूप तपासायचं आठवलं. आत गेलो, दार लावून घेतलं. चाळीस मिनिटं तपासलं. कुलूप व्यवस्थित आहे.
यादवने हा प्रकार आईला सांगितला असावा. जेवताना ती माझ्याकडे बघत होती. लहानपणी मला एकदा कुत्रं चावलं होतं, पोटात चौदा इंजेक्शनं घेतली होती. आई म्हणे रोज मला कडेवर घेऊन सिन्नरला चालत न्यायची. मला त्यातलं काहीच आठवत नाही. म्हणजे मनावर परिणाम झालेला नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार
यश. कुत्र्यांची गाडी आली. मीच अर्ज केला होता. नसबंदी करतात, रेबीजची लस देतात, सगळं मोफत. वाघ्या शेपूट हलवत त्यांच्या जाळीपाशी गेला. त्याला वाटलं असेल भाकरी आहे.
तेजस्विनी धावत आली आणि मोठ्या आवाजात कायदा सांगू लागली. म्हणे जिथून उचललं तिथेच परत आणून सोडावं लागतं. मी म्हटलं, अर्थात. मग ती कॉलेजला गेली.
गाडीवाल्याने फॉर्म काढला. ‘कुत्र्याचा पत्ता?’ असं विचारलं. मी क्षणभर विचार केला आणि सांगितलं, पाथर्डी फाटा. इथे तो फक्त जेवायला येतो. त्याने लिहून घेतलं, मी सही केली. याला म्हणतात प्रशासन. एकतीस वर्षं फुकट गेलेली नाहीत.
आई गॅलरीत उभी होती. हात केला. तिचं लक्ष नव्हतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार
आज आई खाली गेली नाही. गुडघ्यांना आराम. हा एक फायदा माझ्या लक्षातच आला नव्हता.

९ नोव्हेंबर, रविवार
रस्त्याच्या या बाजूच्या फुटपाथवरही चांगलं ऊन येतं.
आई अर्धीच भाकरी खाते. वय झालं की भूक मंदावते. इंटरनेटवर वाचलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
तेजस्विनी जिन्यात भेटली. कुत्रा अजून कसा आला नाही, असं विचारत होती. मी म्हटलं, सरकारी काम, वेळ लागतो. ती स्वतः फोन करणार म्हणाली. मी म्हटलं, समितीमार्फतच पत्रव्यवहार व्हायला हवा. समितीने अद्याप पत्रव्यवहार सुरू केलेला नाही.
आईसाठी कॉरिडॉरचं टाइमटेबल केलं. तीन रंगांत. तिने घडी घालून देव्हाऱ्याखाली ठेवलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
मोहिनी सकाळी म्हणाली, आईंचं ब्लाउज सैल झालंय, लक्षात आलंय का तुमच्या. मी म्हटलं, कपडा धुऊन धुऊन सैल होतो. ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा बरं वाटत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
खंडोबाचं नवरात्र बसलं. आईचे सहा दिवसांचे उपास. या वयात नको म्हणून बरंच समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि कपाळाला भंडारा लावला.
आमचं कुळदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला, म्हणजे आई म्हणते त्या सटीला, वांग्याचं भरीत आणि बाजरीच्या रोडग्याचा नैवेद्य. आधी देवाला, मग देवाच्या कुत्र्याला. कुत्र्याने तोंड लावलं की मग घरातल्यांनी खायचं.
हे आत्ता लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
घाबरण्याचं कारण नाही. नाशिक शहरात कुत्र्यांना काय तोटा. सटीच्या दिवशी कुठलंही एक कुत्रं गेटपर्यंत आणायचं, दोन मिनिटांचं काम. कलम चार एका दिवसापुरतं शिथिल केलं आहे.
आज आई भिंतीला धरून बाथरूमला गेली.

२६ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी १०.
नैवेद्य तयार. तळी भरली, येळकोट केला. आई पानाकडे बघत बसली आहे. मी डबा आणि काठी घेऊन निघालो. (काठी आधाराला.)

दुपारी १२.३०
बागेमागे एक काळं कुत्रं होतं. काठी बघून पळालं. चौकात दोन होती. ती पळाली नाहीत. मी थोडा वेगाने परत आलो. वाटेत डब्याचं झाकण पडलं.
यादव म्हणाला, साहेब, तुमच्या भीतीनं आता कुत्रं फिरकत नाय हिकडं. पूर्वी हे ऐकून मला आनंद झाला असता.
आईने पाणीसुद्धा घेतलेलं नाही. मोहिनीने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, की वाघ्या कुठे आहे हे मला माहीत आहे का. मी म्हटलं, साधारण. ती म्हणाली, मग जा.

रात्री ८
सगळं क्रमाने लिहितो.
रिक्षाने पाथर्डी फाट्याला गेलो. काठी घरी ठेवली. टायरच्या दुकानाशेजारी चहाची टपरी आहे, तिथे तो होता. वाळलेला. पडलेल्या कानाला नसबंदीच्या खुणेची खाच पाडलेली. टपरीवाल्या बाई म्हणाल्या, “तुमचा हाय व्हय? आल्यापासून इंदिरानगरच्या रस्त्याकडं तोंड करून बसतो. रिक्षा थांबली की उठून बघतो. एकटा निघाला की चौकातली कुत्री माघारी हाकलत्यात.”
मी मोहिनीला फोन लावला. म्हटलं, सापडला. इथेच घालतो नैवेद्य, फोटो काढतो, आईला दाखव. फोन आईने घेतला. “त्याला हितं आण. माझ्या हातानं घालीन.” आवाज फार बारीक आला.
रिक्षावाल्याला विनंती केली. तो म्हणाला, पट्टा नसेल तर कुत्रं घेणार नाही. नियम बरोबर आहे. माझाच आहे.
पट्टा म्हणून जवळ एकच होता. कमरेचा.
तो वाघ्याच्या गळ्यात घालताना बक्कल तीनदा निसटलं. त्याने मान पुढे करून धरली. तेवढ्यात रिक्षा दुसरं गिऱ्हाईक घेऊन गेली. मग चालत आलो. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात पँट, काखेत डबा. मी त्याला आणलं असं म्हणता येणार नाही. रस्ता त्याला पाठ होता, मी मागे ओढला जात होतो. शाळेच्या बसमधली मुलं हसली.
गेटवर यादवने थांबवलं आणि रजिस्टर पुढे केलं. कुचेष्टा नव्हती, नियम होता. मालकाचं नाव या रकान्यात माझं नाव लिहिलं. सहीसाठी हात मोकळा करताना पँटची काय अवस्था झाली ते लिहीत नाही. सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. तेजस्विनी मात्र हसली नाही. तिने डबा धरला.
आणि आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. बावीस पायऱ्या उतरून, एकटी. वाघ्याने मला असा हिसका दिला की पट्टा हातातून सुटला. म्हणजे कलम दोन मोडलं.
तो रोडगा खात होता तेव्हा आई त्याच्याशी बोलत नव्हती. माझ्याशी बोलली.
“तू सात वर्साचा व्हता. कुत्रं चावलं, डाक्टर म्हनला काय सांगता येत नाय. तवा मी देवाला बोलले व्हते. माझं पोरगं ऱ्हाऊ दे, मी जिती हाय तवर तुझ्या कुत्र्याला उपाशी ठेवनार नाय.”
ती पुढे म्हणाली, “आन पत्ता तू खोटा सांगितला, ते बी मी वरून ऐकलं व्हतं.”
मी विचारलं, मग तेव्हाच का बोलली नाहीस.
“तू भेतो ना रं कुत्र्याला. म्हनून म्हनलं, जाऊ दे.”
चार वाजता आई जेवली. एक रोडगा, भरीत, वरून कांद्याची पात. मीठ कमी आहे म्हणाली. मोहिनी आत जाऊन डोळे पुसत होती. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि भरीत काही तिखट नव्हतं.
मी कुत्र्याला भितो. सात वर्षांचा होतो तेव्हापासून.
समितीच्या अध्यक्षपदाचा राजीनामा लिहिला आहे. द्यायचा कोणाला ते कळत नाही.
पट्टा वाघ्याच्या गळ्यातच आहे. आई काढू देत नाही, त्याला शोभतो म्हणते. उद्या सकाळी दुकान उघडलं की नवा पट्टा घ्यायला हवा. मला.